उंच पोरगा आहे हो, पण बॉल त्याच्यापर्यंत पोचतोय का?

या वेळी टपालात गंमत झाली. पाच जणांनी पाच ठिकाणांहून लिहिलंय आणि फिरून फिरून विषय एकच, टीममध्ये एक उंच माणूस आहे (किंवा नाहीये) आणि त्याचं करायचं काय. मी स्वतः कॉलेजला बास्केटबॉलमध्ये सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) खेळलेलो, उंची सहा फूट तीन इंच, त्यामुळे हा विषय निघाला की मी जरा वाहवत जातो, आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न: सर, मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मुलगा अमेरिकेत पर्ड्यू युनिव्हर्सिटीत एमएस करतोय आणि तिकडे गेल्यापासून त्याला या खेळाचं वेड लागलंय. परवा फोनवर सांगत होता की त्यांच्याकडे सात फूट चार इंचाचा खेळाडू होता, तरी २०२३ला ते सगळ्यात बुटक्या टीमकडून हरले, आणि लगेच पुढच्या वर्षी त्याच खेळाडूला घेऊन फायनलला गेले. माणूस तोच, कोच तोच, मग वर्षभरात बदललं काय? त्याच्याशी बोलताना निदान हो ला हो तरी लावता यावं म्हणून विचारते. – एक आई, ठाणे

उत्तर: ताई, मुलाला सांगा की त्याने बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय. तो खेळाडू म्हणजे झॅक एडी, कॅनडातल्या टोरंटोचा. आधी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉल हातात धरलं ते दहावीच्या सुमारास. कोच मॅट पेंटर. आणि ती मॅच १७ मार्च २०२३ची, समोर न्यू जर्सीची फेअरली डिकिन्सन, ज्यांची सरासरी उंची त्या वर्षी डिव्हिजन वनमधल्या (कॉलेज खेळाचा सगळ्यात वरचा गट) साडेतीनशेच्या वर टीममध्ये सगळ्यात कमी होती. तिकडे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक गटात टीमना १ ते १६ नंबर देतात, पर्ड्यू १ नंबर, हे लोक १६ नंबर, आणि पुरुषांच्या स्पर्धेत १६ नंबरवाल्याने १ नंबरवाल्याला हरवल्याचं त्याआधी फक्त एकदाच घडलेलं, २०१८ला. स्कोअर ६३-५८.

आता बघा, एडी त्या दिवशी वाईट खेळला का, तर अजिबात नाही. २१ पॉइंट, १५ रीबाऊंड (म्हणजे हुकलेला शॉट परत पकडणं). शॉट घेतले ११ आणि त्यातले ७ आत. शेवटची नऊएक मिनिटं, मॅच हातातून निसटत होती तेव्हा, त्याने एकही शॉट मारला नाही. मारला नाही म्हणजे काय, मारायला बॉल हातात यावा लागतो ना.

का आला नाही ते सांगतो. फेअरली डिकिन्सनवाल्यांनी त्याच्या मागे एक माणूस ठेवला आणि पुढे एक, म्हणजे सँडविच. पुढचा माणूस सहा फुटांचा का असेना, तो बॉल आणि एडीच्या मध्ये उभा आहे, आणि त्याच्या डोक्यावरून बॉल टाकला तर मागचा टपून बसलाय. अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळात डिफेन्सच्या माणसाने रिंगखालच्या चौकोनात कितीही वेळ उभं राहिलं तरी चालतं, एनबीएमध्ये (तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये) डिफेन्सलाही तीन सेकंदांचा नियम आहे, कॉलेजमध्ये तो फक्त अटॅक करणाऱ्याला. म्हणजे एडीने तीन सेकंदांत बाहेर पडायचं आणि त्याला अडवणारे मात्र तिथेच तंबू ठोकून. पण एका माणसावर दोघं लावले की बाहेर कोणीतरी मोकळं राहतंच, हे साधं गणित आहे, पाचातून दोन गेले तर उरले तीन आणि सांभाळायचे चार. त्या मोकळ्या माणसाने थ्री पॉइंटर (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) टाकला की डिफेन्सला एडीला सोडून बाहेर पळावं लागतं. पर्ड्यूने त्या दिवशी २६ थ्री मारले आणि आत गेले ५. पाच! मग कोण कशाला एडीला सोडतंय?

आणि दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही ती गार्डची, म्हणजे बॉल वर आणून पास देणाऱ्यांची. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर दोघंही तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. समोरच्यांनी अख्ख्या कोर्टभर अंगाला चिकटून डिफेन्स केला, १६ वेळा बॉल गमावला पर्ड्यूने. शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात शॉट मारायलाच लागतो) ३० सेकंदांचं, त्यातली आठ-दहा सेकंदं बॉल अर्ध्या रेषेपलीकडे नेण्यातच जायची, मग पासचा अँगल शोधायचा, तोवर एडी रिंगखाली हात वर करून उभा, तीन सेकंद झाले की बाहेर, परत आत, परत बाहेर. पंगतीत पान मांडून बसलेल्या माणसासारखी गत. वाढपी दारातच अडकलाय आणि बाहेर लोक म्हणतायत हा जेवत का नाही.

पुढच्या वर्षी काय बदललं, तर वाढपी बदलले. सदर्न इलिनॉयमधून लान्स जोन्स नावाचा चपळ, अनुभवी गार्ड आणला, त्यामुळे बॉल वर नेताना स्मिथ एकटा पडेना. स्मिथचे असिस्ट (ज्या पासवर लगेच बास्केट होते ते) मॅचला सरासरी ४.४ होते ते ७.५ झाले. टीमचे थ्री पॉइंटर आदल्या वर्षी सुमारे ३२ टक्के जायचे ते ४० टक्क्यांवर गेले. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एडीला नुसतं रिंगखाली उभं करून बॉलची वाट बघायला लावणं कमी केलं. तो वर यायचा, स्मिथच्या माणसासमोर भिंतीसारखा उभा राहायचा, स्मिथ त्याच्या खांद्याला घासून निघायचा, मागचा माणूस भिंतीवर आपटायचा, आणि तेवढ्यात एडी वळून रिंगकडे निघायचा. उभ्या माणसाच्या पुढे जाऊन उभं राहता येतं ताई, पण सव्वादोन मीटरचं धूड रिंगकडे येत असताना त्याच्या पुढे कोण उभं राहणार! ३१ मार्च २०२४ला डेट्रॉइटमध्ये टेनेसीविरुद्ध त्याने ४० पॉइंट आणि १६ रीबाऊंड काढले, एकट्याला २२ फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) मिळाले, म्हणजे समोरच्यांकडे धरून पाडण्याशिवाय उपायच उरला नव्हता. पर्ड्यू ७२-६६ जिंकली आणि १९८० नंतर पहिल्यांदा शेवटच्या चारात पोचली.

मुलाला एवढं सांगितलंत तरी तो फोन ठेवायचा नाही.

प्रश्न: सर, मी २०२४ची पर्ड्यू-यूकॉन (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) फायनल पहाटे उठून बघितलेली. एडीने ३७ पॉइंट केले तरी १५ पॉइंटने हरले. म्हणजे शेवटी एकाच माणसाला बॉल देत बसणं चूकच ना? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पिंपरी

उत्तर: अरे नाही, उलट वाचतोयस तू. ८ एप्रिल २०२४, ७५-६०, बरोबर. पण यूकॉनने काय केलं बघ. त्यांच्याकडे डोनोव्हन क्लिंगन होता, सात फूट दोन इंचाचा, त्यामुळे त्यांच्या कोचने, डॅन हर्लीने, ठरवलं की एडीवर एकच माणूस ठेवायचा, डबल टीम (एकावर दोघं) जवळजवळ करायचीच नाही, आणि बाकी चौघांनी आपापला शूटर सोडायचा नाही, घराबाहेर पाऊलच टाकायचं नाही. करू दे त्याला ३७. पर्ड्यू एरवी मॅचला वीसच्या आसपास थ्री मारायची, त्या रात्री अख्ख्या मॅचमध्ये ७ मारले, गेला १.

एडीने २५ शॉटमध्ये १५ आत घातले, हे वाईट आहे का? कुठलाही कोच हात जोडून घेईल. पण दोन-दोन पॉइंट चढत राहिले आणि बाकीचे चौघं नुसते बघत उभे राहिले, ही खरी अडचण. बिग मॅनचा अर्धा उपयोग तो स्वतः किती करतो यात असतो आणि उरलेला अर्धा त्याच्यामुळे बाकीच्यांना किती मोकळं मिळतं यात, आणि यूकॉनने तो दुसरा अर्धा भाग कापून टाकला. माझं मत विचारशील तर दुसऱ्या हाफमध्ये एडीला पोस्टमध्ये (रिंगजवळ) बॉल देण्यापेक्षा त्याला लॉयरसाठी बाहेर स्क्रीन (ती मघाची भिंत) लावायला पाठवायला हवं होतं, म्हणजे क्लिंगनला रिंगपासून लांब यावं लागलं असतं. आता सोफ्यावर बसून बोलायला माझं काय जातंय म्हणा, हर्लीकडे त्यालाही काहीतरी उत्तर असतंच.

प्रश्न: नमस्कार सर, मी कोल्हापूरला सेकंड इयरला आहे, उंची ६ फूट ५ इंच, सेंटर खेळतो. प्रॉब्लेम असा की आमचे गार्ड मला बॉल देतच नाहीत. विचारलं की म्हणतात तुझ्या हातातून सुटतो. मागच्या झोनल मॅचला मी अख्ख्या मॅचमध्ये चार शॉट मारले त्यातले दोन रीबाऊंडचे. कोच पण काही बोलत नाहीत. आता सरळ खेळ सोडावासा वाटतो. – सेंटर, कोल्हापूर

उत्तर: मित्रा, तुझं पत्र वाचून मला माझे दिवस आठवले. आमच्या कॉलेजच्या टीममध्ये एक गार्ड होता, दिसायला स्टाईल भारी, पाठीमागून ड्रिबल, पायातून ड्रिबल, आणि मी खाली हात वर करून करून खांदे दुखवून घ्यायचो. एकदा वैतागून मी टाइमआउटमध्ये म्हटलं की मी बसस्टॉपवर उभा आहे का रे. कोणी हसलं नाही, बॉलही आला नाही. तेव्हा राग समजू शकतो. पण खेळ सोडायचा नाही, आणि भांडायचंही नाही, कारण यातला थोडा दोष तुझाही असणार, माझा होताच.

आधी तुझ्या बाजूचं. तू कुठे उभा राहतोस? बहुतेक उंच पोरं रिंगच्या अगदी खाली जाऊन उभी राहतात, डोक्यावर बोर्ड. तिथे पास देणं सगळ्यात अवघड. एक-दीड मीटर बाहेर ये, चौकोनाच्या कडेला जिथे फ्री थ्रोला रीबाऊंडवाले उभे राहतात त्या खुणेच्या जरा वर. गुडघे वाक, बूड खाली घे, आणि मागच्या माणसाच्या मांडीवर जवळजवळ बस. उंच माणूस ताठ उभा राहिला की त्याला सहा फुटाचा पोरगाही ढकलतो, कंबर खाली गेली की कोणाच्या बापाला हलत नाही. एका हाताचं कोपर आडवं करून त्याची जागा सांभाळ (हात मागे नेऊन गुंडाळू नकोस, लगेच फाऊल), दुसरा हात लांब, पंजा उघडा, जिथे बॉल हवाय बरोबर तिथे. गार्डला तुझा माणूस दिसता कामा नये, तुझा पंजा दिसला पाहिजे. बॉल आला की दोन्ही हातांनी, पाऊल टाकून, बॉलकडे जाऊन घ्यायचा, तो येईल म्हणून थांबलास की मधला हात घालतो. हातातून सुटतो ही तक्रार निम्म्या वेळा यामुळेच असते, उरलेल्या निम्म्या वेळा नाचता येईना अंगण वाकडं, पास गुडघ्यावर टाकायचा आणि म्हणायचं याचे हात वाईट.

आता त्यांच्या बाजूचं, आणि हे तुझ्या कोचना दाखव हवं तर. समोरून, म्हणजे टॉपवरून, सेंटरला पास द्यायचाच नसतो, मध्ये दोन-तीन हात येतात. बॉल आधी विंगला (कोर्टच्या बाजूला) न्यायचा, फ्री थ्रो लाइनच्या सरळ रेषेपेक्षा थोडं खाली, आणि तिथून एक ड्रिबल टाकून अँगल बदलून बाउन्स पास (जमिनीवर टप्पा देऊन). तुझ्यापुढे माणूस आला, तर बॉल पटकन दुसऱ्या बाजूला फिरवा. बॉल फिरला की तुझ्यापुढचा माणूस आपोआप तुझ्या पाठीमागे पडतो, तू फक्त एक पाय टाकून त्याला तिथेच बंद कर. नाहीतर चौथ्या खेळाडूला फ्री थ्रो लाइनवर आणा, बॉल त्याला, आणि त्याने वरून तुला लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच पास. पण तेव्हा लांबच्या बाजूचे दोघं कोपऱ्यात पसरलेले पाहिजेत, नाहीतर मदतीला आलेला माणूस लॉब खाऊन टाकेल. आपल्याकडे फिबाचे (आंतरराष्ट्रीय संघटनेचे) नियम, २४ सेकंदांचं क्लॉक, त्यामुळे हे सगळं बॉल पलीकडे गेल्या गेल्या सुरू करायचं, दहा सेकंद उरल्यावर नाही.

१९७३च्या अमेरिकन कॉलेज फायनलची एक गोष्ट तुझ्या गार्डना मुद्दाम ऐकव. यूसीएलए कॉलेजच्या सेंटरने, बिल वॉल्टनने, मेम्फिस स्टेटविरुद्ध २२ शॉट मारले आणि २१ आत घातले. ४४ पॉइंट. हे सगळ्यांना माहितीये. पण त्याच मॅचमध्ये ग्रेग ली नावाच्या गार्डचे १४ असिस्ट होते, समोरचे वॉल्टनच्या पुढे उभे राहत होते आणि ली त्यांच्या डोक्यावरून बरोबर रिंगपाशी बॉल टांगत होता, तेही त्या काळात कॉलेजच्या खेळात डंक करायला (बॉल वरून रिंगमध्ये हाताने कोंबायला) बंदी असताना. ४४ पॉइंटच्या गप्पा होतात, १४ असिस्टच्या होत नाहीत, गार्डांनी राग धरायचाच असेल तर तो यावर धरावा.

आणि एक प्रॅक्टिकल उपाय, मी केलेला. गार्डला प्रॅक्टिसनंतर वीस मिनिटं थांबव, चहा पाज, मिसळ खायला ने, काय वाटेल ते कर, पण दोघांनी रोज पन्नास एन्ट्री पास (बाहेरून आत सेंटरला) मारायचे, मध्ये तिसऱ्याला हात वर करून उभं करायचं. दोन आठवड्यांत तो मॅचमध्ये आधी तुझ्याकडे बघायला लागतो. आमचा तो स्टाईलवालासुद्धा लागला होता, थर्ड इयरला.

प्रश्न: आदरणीय सर, मी विदर्भातल्या एका कॉलेजला क्रीडा शिक्षक आहे. आमच्याकडे या वर्षी ६ फूट ६ इंचाचा मुलगा आला आहे, आधी व्हॉलीबॉल खेळायचा. उडी चांगली आहे. परंतु दहा मिनिटांत दमतो आणि हाफटाइमच्या आत तीन फाऊल होतात. त्याला कसा वापरावा? – क्रीडा शिक्षक

उत्तर: सर, सगळ्यात आधी त्याला चाळीस मिनिटं खेळवायचा नाद सोडा. वर ज्या एडीचं एवढं पुराण लावलं तो पहिल्या वर्षी मॅचला १५च्या आसपास मिनिटं खेळायचा, दुसऱ्या वर्षी १९, तिसऱ्या वर्षापासून तीसच्या वर गेला. तुमच्या मुलाला प्रत्येक क्वार्टरमध्ये चार-चार मिनिटं उतरवा, पण त्या चार मिनिटांत टीमने त्याच्यासाठी खेळायचं, प्रत्येक वेळी बॉल एकदा तरी आत गेलाच पाहिजे. तो बसला की तुमचं नेहमीचं पळापळीचं खेळा. उतरवायचा आणि वर विसरायचा, याने तो दमतोही आणि शिकतही नाही.

फाऊलचं कारण मी न बघता सांगतो, व्हॉलीबॉलवाला आहे ना, ब्लॉकला हात पुढे टाकत असणार. तिथे मध्ये जाळी असते, इथे समोरच्याचं मनगट असतं. त्याला सरळ वर उडी आणि हात सरळ वर, एवढंच शिकवा, जागच्या जागी सरळ उभ्या हातांवर कोणी येऊन आपटला तर फाऊल तुमच्या मुलाचा होत नाही. ब्लॉक नाही मिळाला तरी चालेल, समोरच्याने शॉट बदलला की काम झालं.

अटॅकमध्ये एकच नियम: बॉल हनुवटीच्या खाली आणायचा नाही. उंच मुलं रीबाऊंड छान घेतात आणि मग सवयीने बॉल कमरेपाशी आणतात, ड्रिबल एक टाकतात, आणि तिथे टपलेला बारका गार्ड घेऊन पळतो. वर असेपर्यंत बॉल त्याचा, खाली आला की बुटक्यांचा. यासाठी जॉर्ज मायकनच्या नावाचा जुना ड्रिल आहे, रिंगखाली उभं राहून उजव्या हाताने छोटा हुक (हात बाजूने डोक्यावरून वळवून मारलेला शॉट), बॉल जमिनीवर पडू न देता वरच घ्यायचा, डावीकडे पाऊल, डाव्या हाताने हुक, परत उजवीकडे. मायकन १९४०च्या दशकात शिकागोच्या डीपॉल कॉलेजात आला तेव्हा तोही अवघडलेलाच होता, कोच रे मेयरने त्याच्याकडून असलंच सगळं घोटून घेतलं. रोज डावे-उजवे मिळून शंभर. डावा हात पहिले पंधरा दिवस हसू आणेल, आणू दे.

आणि सर, तुमचं कोर्ट सिमेंटचं असेल तर एवढ्या उंच मुलाला उड्यांचे सेट त्यावर देऊ नका, मातीत किंवा लॉनवर घ्या. गुडघे गेले की मग हे सगळं वाचून काही उपयोग नाही.

प्रश्न: सर, आमच्याकडे बिग मॅनच नाही. सगळ्यात उंच ६ फूट १, तो पण जाडा आहे. पोस्टमधून खेळायचं सोडून द्यावं का? – कॅप्टन, सांगली

उत्तर: जाडा आहे म्हणतोस आणि सोडायचं म्हणतोस? एनसी स्टेट कॉलेजचा डीजे बर्न्स बघ, २०२४चाच. सहा फूट नऊ, पण तिकडच्या सेंटरमध्ये काही फार उंच नाही, वजन मात्र सव्वाशे किलोच्या घरात, डावखुरा. ११ नंबरची टीम शेवटच्या चारात पोचली त्यात त्याचा मोठा हात, ड्यूकविरुद्ध २९ पॉइंट मारले. पाठ लावायची, हळूहळू बूड मागे रेटत जायचं, आणि सगळा वेळ मान वळवून बघत राहायचं की मदतीला कोण येतंय. आला की त्याच्या माणसाला पास. उडी जवळजवळ नाहीच. पुढच्या मॅचला एडी समोर आला तेव्हा ८ पॉइंटवर अडकला हेही खरंय, पण तुझ्या जिल्ह्यात सात फूट चारचा कोणी आहे का?

तुझ्या जाड्याला बॉल दे, आणि बाकीच्या चौघांना सांग की तो पाठ लावून रेटतोय तोवर उभं राहून बघत बसायचं नाही, एकाने बेसलाइनने (रिंगमागच्या रेषेजवळून) कट मारायचा, एकाने फ्री थ्रो लाइनवर यायचं, दोघांनी थ्री पॉइंटच्या बाहेर जागा बदलायच्या. चार प्रॅक्टिस कर आणि काय झालं ते लिहून पाठव.